मेलेल्यांचा हिशेब सरकारकडे नाही, मग आहे कोणाकडे?

१४ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेत श्रम मंत्रालयाला एक साधा प्रश्न विचारला गेला. टाळेबंदीत घराकडे निघालेले किती स्थलांतरित मजूर मेले, आणि त्यांच्या कुटुंबांना सरकारने काही नुकसानभरपाई दिली काय? त्या वेळचे श्रममंत्री संतोष गंगवार यांच्या खात्याचे लेखी उत्तर दोन ओळींत आटोपले. अशी आकडेवारी ठेवली जात नाही. आणि आकडेवारीच नसल्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस आहे. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. पण रेल्वेत तीस वर्षे मस्टर पाहिलेल्या माणसाला एवढे नक्की कळते, की ज्याचे नाव मस्टरवर नाही त्याला पगार नाही, आणि ज्याचे मरण कागदावर नाही त्याच्या बायकोला भरपाई नाही. म्हणून ह्या दोन ओळी मी कापून ठेवल्या आहेत. त्या कोणा बाबूच्या आळसातून आलेल्या नाहीत. त्यांत हिशेब आहे. आधी मोजायचे नाही, आणि मग मोजले नाही म्हणून द्यायचे नाही!

काही वाचक म्हणतील, सेक्रेटरीसाहेब, गोष्ट जुनी झाली. करोना गेला, मंत्री बदलले, सरकारने पुन्हा निवडणुका जिंकल्या. बरोबर आहे. पण त्याच अधिवेशनात, त्याच आठवड्यांत मंजूर झालेल्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून आपल्या मानेवर बसल्या आहेत. आजार गेला, औषधाचे बिल मागे राहिले. म्हणून हा विषय.

आमच्या महादेवपुऱ्यातून काय दिसले?

ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेंगळूरच्या पूर्वेला कृष्णराजपुरमचे डिझेल लोको शेड, पुढे हूडी हॉल्ट, मग व्हाइटफील्ड. एका काळी इथे दूरवाणीनगरच्या सरकारी टेलिफोन कारखान्याच्या भोंग्यावर लोक घड्याळ लावीत. आता काचेच्या इमारती आहेत. ह्या इमारती उभ्या करणारा, झाडणारा, त्यांची गटारे उपसणारा माणूस बिहार, ओडिशा, बंगाल, झारखंड आणि उत्तर कर्नाटकातून आलेला आहे. तो पत्र्याच्या खोपटात राहतो. मराठी बोलणारी आमची घरे इथे मूठभर, बदल्यांवर आलेली आणि मग इथलीच झालेली. परगावी पोट भरणे म्हणजे काय, हे आम्हांला कोणी शिकवायला नको.

जानेवारी २०२० मध्ये ह्याच मतदारसंघातील करियम्मना अग्रहार येथे मजुरांची खोपटी पाडली गेली. कारण काय, तर तिथे बांगलादेशी राहतात असा संशय. राहणाऱ्यांत कर्नाटकाच्याच उत्तर भागातून आलेले लोक होते, बंगाल आणि ईशान्येकडचे भारतीय नागरिक होते. उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. परराष्ट्र धोरण दिल्लीत ठरते असे आपण समजतो. इथे ते जेसीबीच्या दातांवर बसून आले. आपल्याच देशातला मजूर एका सकाळी परदेशी ठरला.

चार महिन्यांनी, ५ मे २०२० रोजी, बेंगळूरच्या बिल्डर मंडळींची मुख्यमंत्र्यांशी बैठक झाली, आणि लगेच राज्य सरकारने दक्षिण पश्चिम रेल्वेला कळविले की उद्यापासून श्रमिक गाड्या नकोत. मजूर गेले तर इमारती कोण बांधणार? देशभर ओरड झाली तेव्हा दोन-तीन दिवसांत निर्णय मागे घेतला. ह्या काळात मालूर आणि चिक्कबाणावर स्टेशनांच्या दिशेने माणसे डोक्यावर बोचकी घेऊन चालत होती. आमच्या शाखेतील गँगमन, पॉइंट्समन, शेडमधले खलाशी ह्यांनी वर्गणी काढून पाण्याच्या बाटल्या आणि चित्रान्न वाटले. एका बाईने मला विचारले, “भय्या, गाडी कब है?” आणि रेल्वेचा नोकर असूनही मला उत्तर देता आले नाही. मंत्र्यांना निदान उत्तर न देण्याचा पगार मिळतो.

चार दिवसांत आकडा कुठून आला?

आता गंमत पाहा. श्रम मंत्रालय १४ तारखेला म्हणाले की मृत्यूंची आकडेवारी ठेवली जात नाही. त्याच उत्तरांच्या गठ्ठ्यात किती मजूर घरी परतले ह्याचा आकडा मात्र होता, १ कोटी ४ लाखांवर! आणि चार दिवसांनी, १८ सप्टेंबरला, राज्यसभेत रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी लेखी उत्तर दिले, की ९ सप्टेंबरपर्यंत श्रमिक स्पेशल गाड्यांतून प्रवास करताना ९७ माणसे मरण पावली. त्यांतील ८७ जणांचे शवविच्छेदन झाले, ५१ अहवाल मिळाले, कारणे अमुक अमुक. १ मे ते ३१ ऑगस्ट ह्या काळात ४,६२१ गाड्यांतून ६३ लाख १९ हजार माणसे नेली, हेही त्या दिवसांतच सरकारने सांगितले.

म्हणजे मोजायचे ठरवले तर मोजता येते. गाडीत मेलेला मोजला गेला, कारण गार्डाला मेमो द्यावा लागतो, स्टेशनमास्तरला डायरीत नोंद करावी लागते, रेल्वे पोलिसांना पंचनामा करावा लागतो. आपल्या सामान्य रेल्वे कर्मचाऱ्याने त्या धामधुमीतही कागद पुरा केला म्हणून मंत्र्यांना सभागृहात आकडा सांगता आला.

पण जो गाडीत चढूच शकला नाही त्याचे काय? ८ मे २०२० ची पहाट महाराष्ट्राने पाहिली आहे. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर भुसावळहून गाडी मिळेल ह्या आशेने रुळांवरून चालत निघाले होते. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली सोळा जण मेले. रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र कोण विसरेल? हे सोळा जण ९७ मध्ये बसत नाहीत, कारण ते प्रवासी नव्हते. रेल्वेच्या भाषेत ते रुळांवर विनापरवाना आलेले लोक. श्रम मंत्रालयाच्या भाषेत तर ते नाहीतच. माणूस दोन खात्यांच्या मधल्या फटीत पडला की त्याचे मरणही कोणाचे नसते.

आणि ही पद्धत एका खात्यापुरती नाही. २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी उत्तर दिले, की ऑक्सिजनच्या अभावी झालेले मृत्यू राज्यांनी वेगळे असे कळविलेले नाहीत. बाई तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार होत्या. त्याच नाशिक शहरात २१ एप्रिलला टाकीला गळती लागून ऑक्सिजनचा पुरवठा तुटला आणि बावीस रुग्ण गुदमरून गेले होते. इकडे कर्नाटकात चामराजनगरला मे महिन्याच्या सुरुवातीला एका रात्रीत चोवीस माणसे गेल्याची ओरड साऱ्या राज्याने ऐकली होती. उत्तर कायद्याने चुकीचे होते काय? नव्हते. राज्यांनी खरोखरच कळविले नसेल. केंद्र म्हणते राज्याने कळविले नाही, राज्य म्हणते आमच्या तक्त्यात तो रकानाच नाही. दोघेही खरे बोलतात, आणि मेलेला खोटा पडतो!

दुबईत मेला तर नोंद, दावणगेरेत मेला तर नाही

आता परराष्ट्र खात्याकडे वळू. नोव्हेंबर २०१९ मध्ये लोकसभेत ह्या खात्याने सांगितले, की २०१४ पासून आखाती देशांत सुमारे ३४ हजार भारतीय कामगार मरण पावले. आकडा अंगावर काटा आणणारा आहे. पण आकडा आहे! देशवार, वर्षवार आहे. का आहे? कारण परदेशात भारतीय माणूस मेला की दूतावासात नोंद होते. त्याशिवाय प्रेत विमानात चढत नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने १०४ भारतीयांना बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला आणून टाकले. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी राज्यसभेत निवेदन केले, आणि २००९ पासून दरवर्षी किती जण परत पाठवले गेले ह्याचा तक्ता वाचून दाखवला. बेड्यांबद्दल त्यांनी एवढेच सांगितले, की तिकडची ही कार्यपद्धती २०१२ पासूनची आहे. बेड्या जुन्या आहेत म्हणून त्या टोचत नाहीत काय? तरीही, तक्ता होता.

म्हणजे आपला मजूर शारजात मेला, ह्यूस्टनहून हाकलला गेला तर दिल्लीत त्याची नोंद सापडते. व्हाइटफील्डहून निघून दावणगेरेच्या रस्त्यावर मेला तर सापडत नाही. देशाबाहेर तो भारतीय आहे. देशात तो कोण?

ह्याचा अर्थ परदेशातल्या कामगारांचे सारे आलबेल आहे असा नव्हे. जून २०१४ मध्ये इराकमधील मोसुलला बांधकामावरचे ४० भारतीय कामगार अतिरेक्यांनी पळवले. पंजाब, हिमाचल, बिहार, बंगालचे गरीब लोक. त्यांच्यातून निसटून आलेला एकजण सांगत होता की बाकीचे मारले गेले. सरकारने ते मानले नाही. सुषमा स्वराज यांनी संसदेत वारंवार सांगितले, की पुराव्याशिवाय कोणाला मृत घोषित करण्याचे पाप मी करणार नाही. शेवटी २० मार्च २०१८ रोजी त्यांनी राज्यसभेत ते मेल्याचे जाहीर केले. सामूहिक कबर उकरून डीएनए तपासणी झाली होती. घरच्यांनी बातमी टीव्हीवर ऐकली. जवळजवळ चार वर्षे त्या बायका कुंकू लावावे की पुसावे ह्या विवंचनेत होत्या.

तरी मी एक गोष्ट मान्य करीन. स्वराजबाईंना उत्तर द्यावे लागले. दर अधिवेशनात कोणीतरी उठून विचारीत होता, एकोणचाळीस जणांचे काय? तो प्रश्न मेला नाही म्हणून कबर उकरली गेली. प्रश्नाची ताकद ही आहे.

प्रश्नाचा तास कोणाच्या डोळ्यांत खुपतो?

संसदेत दोन जातींचे प्रश्न असतात. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते, आणि त्यावर पूरक प्रश्न येतात. अतारांकित प्रश्नाला नुसता कागद मिळतो. खरी मेख पूरक प्रश्नात आहे. पहिले उत्तर बाबू लिहून देतो, दुसरे मंत्र्याला स्वतःच्या डोक्यातून द्यावे लागते. १९५७ मध्ये फिरोज गांधींनी आयुर्विमा महामंडळाचे पैसे मुंधडाच्या कंपन्यांत कसे गेले हे खोदून काढले ते असेच. आधी गुळमुळीत उत्तर मिळाले. त्यांनी पिच्छा सोडला नाही. चौकशीला मुंबईचे न्यायमूर्ती छागला बसले, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना घरी जावे लागले. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते, पंतप्रधानांचे जावई होते, हे आजच्या मानकापू खासदारांनी ध्यानात घ्यावे.

म्हणूनच अडचण आली की सरकार आधी हा तास बंद करते. १९६२ मध्ये चीनच्या युद्धात तो बंद ठेवला. १९७५ मध्ये आणीबाणीत बंद ठेवला. त्या वेळी राजापूरचे खासदार मधु दंडवते कुठे होते? आमच्या बेंगळूरच्या तुरुंगात! संसदीय समितीच्या कामासाठी इथे आले आणि इथेच पकडले गेले. प्रश्न विचारणारे गजाआड आणि प्रश्नाचा तास कुलपात. पण १९७७ मध्ये तेच दंडवते रेल्वेमंत्री झाले, आणि १९७४ च्या संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या त्या आपल्या भावांना त्यांनी परत कामावर घेतले. दुसऱ्या वर्गाच्या डब्यातल्या लाकडी फळीवर गादी आली ती त्यांच्याच कारकिर्दीत. ज्याने विरोधी बाकांवरून वर्षानुवर्षे प्रश्न विचारले, त्याला मंत्री झाल्यावर उत्तर देण्याची लाज वाटली नाही.

सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात साथीचे कारण सांगून प्रश्नोत्तराचा तास पुन्हा काढून टाकला. लेखी उत्तरे तेवढी चालू ठेवली. म्हणून ‘आकडेवारी ठेवली जात नाही’ ह्यावर कोणालाही उभे राहून विचारता आले नाही, की का ठेवली नाही? आणि त्याच अधिवेशनात २२ आणि २३ सप्टेंबरला, विरोधकांनी बहिष्कार टाकलेल्या सभागृहात, तीन श्रमसंहिता मंजूर झाल्या. प्रश्नाला वेळ नव्हता, कायद्याला होता!

इथे कोणी पक्षाचे चष्मे लावू नयेत. १९६२ आणि १९७५ ला राज्य काँग्रेसचे होते, २०२० ला भाजपचे. खुर्ची बदलली की प्रश्न विचारणारा उत्तर चुकवणारा होतो आणि उत्तर चुकवणारा प्रश्नाच्या पावित्र्यावर भाषणे देतो. कामगाराने कोणाच्याच भाषणावर विसंबू नये.

आता आपल्या घरात पाहू

मंत्र्यांवर बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे वळतात. डॉ. अनिल काकोडकर यांच्या रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी कामावर असताना मेले, असे त्यात आहे. गाड्यांच्या अपघातांत मेलेल्यांपेक्षा हा आकडा मोठा आहे. रुळांवर काम करणारा गँगमन मागून येणाऱ्या गाडीखाली जातो, ही बातमी होत नाही. हे १,६०० निदान कर्मचारी होते, म्हणून मोजले गेले. ठेकेदाराचा माणूस?

माझ्या नोकरीच्या काळातली एक गोष्ट सांगतो. गाव आणि नाव सांगत नाही. ठेकेदाराकडे खडी टाकण्याच्या कामावर असलेला एक तरुण इंजिनाच्या धक्क्याने मेला. ठेकेदार म्हणाला, तो त्या दिवशी कामावरच नव्हता. हजेरीचा कागद मागितला तर त्यात त्याचे नावच नव्हते. सुपरवायझर म्हणाला, तो रूळ ओलांडत असेल. त्याचा थोरला भाऊ माझ्याकडे आला. मी त्याला विचारले, तुमच्या भावाने युनियनची वर्गणी भरली होती का? साथींनो, हे वाक्य माझ्या तोंडून गेले. मंत्र्याचे ‘प्रश्न उद्भवत नाही’ आणि माझे हे वाक्य, ह्यांत फरक काय? तो भाऊ काही न बोलता निघून गेला. आमच्या शाखेच्या दप्तरात त्या मुलाची नोंद नाही. आज शोधतो म्हटले तरी मला त्याचे पूर्ण नाव सापडत नाही.

म्हणून आता नुसता निषेधाचा ठराव करून भागणार नाही. तीन कामे करायची आहेत.

पहिले, प्रत्येक शाखेने एक वही ठेवावी. आपल्या हद्दीत कामावर मेलेला वा जखमी झालेला प्रत्येक माणूस त्यात लिहावा. कायम असो, ठेक्याचा असो, सभासद असो वा नसो. नाव, गाव, तारीख, ठेकेदार, साक्षीदार. वीस रुपयांची वही लागते. सरकारकडे आकडा नसेल तर तो आपल्याकडे असला पाहिजे.

दुसरे, प्रश्न नीट विचारायला शिकावे. खासदारामार्फत ‘किती मेले’ असे विचारले की ‘आकडेवारी ठेवली जात नाही’ हे तयार उत्तर मिळते. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याच्या कलम १६ प्रमाणे असा कामगार अपघातात मेला तर ठेकेदाराने दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि घरच्यांना कळवणे बंधनकारक होते. नव्या संहितेतही ती तरतूद ठेवली आहे. जुना कायदा पाच कामगारांपासून लागू होता, नवा दहांपासून, आणि विस्थापन भत्ता त्यातून गेला. पण कळवण्याचे बंधन शिल्लक आहे. तेव्हा विचारावे, ह्या तरतुदीप्रमाणे गेल्या पाच वर्षांत ठेकेदारांनी मृत्यूचे किती अहवाल दिले, आणि न देणाऱ्या किती जणांवर खटले भरले? आता मंत्र्याला एक तर आकडा द्यावा लागेल, नाही तर ‘शून्य’ म्हणावे लागेल. दोन्ही उत्तरे आपल्या कामाची आहेत.

तिसरे, उत्तराचा पाठपुरावा. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे मंत्री म्हणाले की ते आश्वासन ठरते, आणि संसदेची आश्वासन समिती त्याचा हिशेब मागू शकते. साधारण तीन महिन्यांची मुदत असते. किती युनियननी कधी ह्या समितीला पत्र लिहिले आहे? आपण मोर्चा काढतो, फोटो काढतो, आणि उत्तर रद्दीत जाते.

महासंघाच्या नेत्यांनाही सांगणे आहे. ठेका कामगाराला सभासद करून घेण्याचे ठराव अधिवेशनांत पुष्कळ झाले. आता त्याच्या मरणाची नोंद तरी आपण घ्या. सभासद तो मागाहून होईल.

आमच्या शाखेने वही सुरू केली आहे. पहिल्या पानावरची पहिली ओळ मी कोरी सोडली आहे. तिथे त्या खडीवाल्या मुलाचे नाव लिहायचे आहे. त्याचा भाऊ कुठे असेल तर शोधतो आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!

— शाखा सचिव, महादेवपुरा, बेंगळूर